प्रात्यक्षिकांच्या आकड्यांचे पृथक्करण : 'आर' भाषेत काम करताना येणाऱ्या अडचणी व त्यांवरील उपाय

मळणी होऊन प्रत्येक वाफ्यातील धान्याचे वजन नोंदवहीत उतरले, म्हणजे प्रात्यक्षिकाचे काम संपले असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः त्या वेळी अर्धेच काम झालेले असते. वाणावाणांत दिसणारा फरक खरोखर वाणाचा आहे, की जमिनीच्या कमीअधिक कसामुळे तो सहजगत्या दिसत आहे, याचा निर्णय आकड्यांच्या पृथक्करणावाचून करता येत नाही. हा निर्णय चुकला तर त्याचा भुर्दंड कागदाला पडत नाही. पुढील हंगामात जो शेतकरी त्या शिफारशीवर विसंबून बियाणे घेतो, त्याला तो पडतो.

पूर्वी हे पृथक्करण हाताने, कोष्टके मांडून करीत असत. आता ते संगणकावर करता येते, आणि त्यासाठी 'आर' ही संगणकभाषा विनामूल्य उपलब्ध आहे. ग्रामपातळीवरील अनेक कार्यकर्ते व शेतकरी गटांतील शिकलेले तरुण तिचा अभ्यास करू लागले आहेत. परंतु पहिल्या काही दिवसांतच त्यांना अडचणी येतात. त्यांपैकी बहुतेक अडचणी ठरावीक असून त्यांवरील उपायही सोपे आहेत. काही अडचणी मात्र अशा आहेत की त्या आल्याचे समजतसुद्धा नाही. प्रस्तुत लेखात दोन्ही प्रकारांचा विचार केला आहे.

'आर' म्हणजे काय ?

'आर' ही न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात तयार केली. दोघांच्याही नावांचे आद्याक्षर तिला मिळाले आहे. तिची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. भाषा नवी असली तरी ती ज्या पद्धतीने प्रयोगाचे पृथक्करण करते ती पद्धत शेतीतूनच आलेली आहे. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील कृषि संशोधन केंद्रात १९१९ साली दाखल झालेले आर. ए. फिशर यांनी शेतातील प्रयोगांसाठी ती बसविली. आपल्या देशात पानसे व सुखात्मे या दोघांचा कृषि-कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९५४ साली भारतीय कृषि संशोधन परिषदेने प्रसिद्ध केला आणि त्यावर कृषिपदवीधरांच्या पिढ्या शिकल्या. यांपैकी डॉ. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध या गावचे. म्हणून 'आर' शिकणाऱ्याने ही परकी विद्या आहे असे समजू नये.

संगणकावर आज्ञा रोमन लिपीतच टंकावयाच्या असतात. येथे त्या उच्चाराप्रमाणे नागरीत दिल्या आहेत. आज्ञेत जेथे 'डॉट' म्हटले आहे तेथे टिंब द्यावे.

नमुन्याचे प्रात्यक्षिक

पुढील विवेचन समजण्यास सोपे जावे म्हणून केवळ उदाहरणादाखल एक प्रात्यक्षिक घेऊ. भाताचे चार वाण, चार गट, म्हणजे एकूण १६ वाफे. कापणीचे निव्वळ क्षेत्र प्रत्येक वाफ्यात ८ मीटर × ५ मीटर, म्हणजे ४० चौरस मीटर. प्रत्येक गटात चारही वाण चिठ्ठ्या टाकून लावले. मिळालेले धान्य, किलोग्रॅममध्ये, वाण १ ते ४ या क्रमाने असे :

पहिला गट : ८, १२, ११, ९
दुसरा गट : ७, ११, १२, ८
तिसरा गट : ९, १२, १२, ९
चौथा गट : ८, १३, १३, १०

चार वाणांची सरासरी अनुक्रमे ८, १२, १२ व ९ किलो येते. हे आकडे तक्त्यात भरताना एका वाफ्यास एक ओळ या हिशेबाने १६ ओळी कराव्यात आणि 'गट', 'वाण' व 'उत्पन्न' असे तीन स्तंभ ठेवावेत. नोंदवहीत आकडे वरीलप्रमाणे आडवे लिहिलेले असतात आणि नवशिका ते तसेच संगणकात भरतो. पुढील बहुतेक आज्ञा त्यामुळे अडून बसतात. एक वाफा, एक ओळ हा नियम प्रथम अंगवळणी पाडावा.

संगणक काम थांबवितो तेव्हा

आज्ञेत चूक असेल तर 'आर' लाल अक्षरांत 'एरर' असा शब्द छापून थांबते. नवशिका हे पाहून घाबरतो व सर्व काही पुसून पुन्हा प्रारंभ करतो. तसे करण्याचे कारण नाही. त्या ओळीत चुकीचे कारण बहुधा सांगितलेलेच असते. ती ओळ सावकाश वाचावी. नेहमी आढळणारी कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

१. 'ऑब्जेक्ट नॉट फाउंड'. मागितलेले नाव संगणकाला ठाऊक नाही, असा याचा अर्थ. नावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराची चूक असते, किंवा ज्या ओळीने ते नाव तयार व्हावयाचे ती ओळ चालविलेलीच नसते. रोमन लिपीतील मोठे व लहान अक्षर 'आर'च्या दृष्टीने भिन्न आहे. फाइलमध्ये 'वाण' या स्तंभाचे पहिले अक्षर मोठे आणि आज्ञेत लहान असेल तर दोन्ही निरनिराळी नावे ठरतात. सर्व नावे लहान अक्षरांत ठेवण्याची सवय केल्यास ही अडचण पुष्कळ कमी होते. मात्र 'ट्रू' व 'फॉल्स' हे दोन शब्द पूर्णपणे मोठ्या अक्षरांतच लिहावे लागतात.

२. 'कुड नॉट फाइंड फंक्शन'. मागितलेली क्रिया सापडत नाही. एक तर क्रियेचे नाव चुकलेले असते, किंवा ती ज्या पॅकेजमध्ये आहे ते पॅकेज उघडलेले नसते. पॅकेज संगणकावर एकदाच बसवावे लागते, पण 'आर' नव्याने सुरू केल्यावर प्रत्येक वेळी 'लायब्ररी' या आज्ञेने ते उघडावे लागते. 'काल चालत होते, आज चालत नाही' या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असते.

३. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. फाइल सांगितलेल्या जागी नाही. 'गेटडब्ल्यूडी' ही आज्ञा दिल्यास 'आर' सध्या कोणत्या फोल्डरमध्ये पाहत आहे ते समजते. फाइल त्याच फोल्डरमध्ये आणून ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय होय. फाइलचे शेपूटही तपासावे. एक्सेलमध्ये भरलेला तक्ता 'सीएसव्ही' स्वरूपात साठविला नसेल तर 'रीड डॉट सीएसव्ही' ही आज्ञा त्यास वाचू शकत नाही. विंडोज संगणकावरील फोल्डरचा पत्ता उलट्या तिरक्या रेघेने, म्हणजे \ या चिन्हाने लिहिलेला असतो. 'आर'मध्ये त्या चिन्हास निराळा अर्थ आहे. म्हणून तेथे / हे चिन्ह वापरावे.

४. उत्तर येत नाही, केवळ '+' दिसते. ओळीच्या आरंभी नेहमीच्या '>' ऐवजी '+' येऊ लागले तर आज्ञा अपुरी आहे असे समजावे. उघडलेला कंस किंवा अवतरणचिन्ह मिटविलेले नसते आणि संगणक उरलेल्या भागाची वाट पाहत असतो. 'एस्केप' ही कळ दाबून आज्ञा रद्द करावी व कंस मोजून पुन्हा लिहावी.

५. 'अनएक्स्पेक्टेड' या शब्दाने प्रारंभ होणारा संदेश. दोन शब्दांमधील स्वल्पविराम राहिलेला असतो, किंवा कंस एक अधिक झालेला असतो. आज्ञा वर्डमधून उचलून घेतली असेल तर तिच्यातील सरळ अवतरणचिन्हांची आपोआप वळलेली चिन्हे झालेली असतात व 'आर' ती ओळखत नाही. अशी चिन्हे पुसून पुन्हा कळफलकाने टंकावीत.

याखेरीज 'वॉर्निंग' या नावाची सूचना छापली जाते. 'एरर' आल्यास काम थांबते. 'वॉर्निंग' आल्यास काम पुढे चालू राहते आणि उत्तरही मिळते. त्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष होते. तसे न करता प्रत्येक सूचना वाचून तिचे कारण शोधावे, कारण येथूनच पुढील अधिक घातक चुकांचा प्रारंभ होतो.

संगणक काम थांबवीत नाही तेव्हा

वरील चुका त्रासदायक असल्या तरी त्या निरुपद्रवी आहेत. चूक दुरुस्त होईपर्यंत उत्तरच मिळत नाही, त्यामुळे चुकीचे उत्तर कोणाच्या हाती पडत नाही. याउलट काही चुकांत संगणक कसलीही तक्रार न करता नीटनेटके कोष्टक छापून देतो, आणि ते कोष्टक चुकीचे असते. कार्यकर्त्यांनी आपले लक्ष मुख्यतः या चुकांवर द्यावे.

(अ) वाणाचा क्रमांक संख्या म्हणून घेतला जाणे

नमुन्याच्या प्रात्यक्षिकात वाणांस १, २, ३, ४ असे क्रमांक आहेत. ही केवळ नावे आहेत. वाण ४ हा वाण २ च्या दुप्पट नव्हे. परंतु फाइलमध्ये नुसते अंक आढळले म्हणजे 'आर' त्यांना संख्या समजते आणि वाणाचा 'क्रमांक' वाढत गेला तर उत्पन्न सरळ रेषेत किती वाढते, असा भलताच प्रश्न सोडविते. गटांच्या क्रमांकाचेही तसेच होते.

याचा परिणाम किती होतो ते पाहावे. गट व वाण दोन्ही नावे म्हणून घेतली असता 'एओव्ही' या आज्ञेने मिळणारे कोष्टक असे असते : गटांचे 'डीएफ' ३ व वर्गबेरीज ५, वाणांचे 'डीएफ' ३ व वर्गबेरीज ५१, उरलेल्या चुकीचे 'डीएफ' ९ व वर्गबेरीज ३. वाणांचे 'एफ' मूल्य ५१ येते. ५ टक्के पातळीवर कोष्टकातील मूल्य ३.८६ आहे. अर्थात वाणांत निश्चित फरक आहे.

तेच आकडे, परंतु क्रमांक संख्या म्हणून घेतले असता : गटांचे 'डीएफ' १ व वर्गबेरीज ३.२, वाणांचे 'डीएफ' १ व वर्गबेरीज १.८, उरलेल्या चुकीचे 'डीएफ' १३ व वर्गबेरीज ५४. 'एफ' मूल्य अवघे ०.४३ येते, आणि वाणांत काहीच फरक नाही असा निष्कर्ष निघतो. ज्या दोन वाणांनी इतरांपेक्षा ३ ते ४ किलो अधिक दिले, ते या कोष्टकाच्या आधारे बाजूस पडतील. 'डीएफ'ची बेरीज दोन्ही कोष्टकांत १५ च आहे. त्यामुळे बेरीज पडताळून ही चूक सापडत नाही.

उपाय दोन आहेत. पहिला, फाइल भरतानाच क्रमांकापूर्वी एक रोमन अक्षर लावावे, म्हणजे १ ऐवजी 'व्ही१' असे लिहावे. अक्षर आले म्हणजे 'आर' त्यास नाव समजते. दुसरा, 'फॅक्टर' या आज्ञेने तो स्तंभ नावांचा आहे असे स्पष्ट सांगावे. तसेच कोष्टक हाती येताच वाणांच्या 'डीएफ'वर प्रथम दृष्टी टाकावी. ती संख्या वाणांच्या संख्येपेक्षा बरोबर एकाने कमी असली पाहिजे. चार वाणांस ३, सहा वाणांस ५. तसे नसेल तर पुढे वाचूच नये.

खतमात्रांच्या प्रयोगात याची उलटी चूकही होते. ०, ५०, १००, १५० किलो या मात्रा 'फॅक्टर' केल्यानंतर त्यांच्या पुन्हा थेट संख्या करू गेल्यास 'आर' त्यांच्याऐवजी १, २, ३, ४ असे अनुक्रम देते. म्हणून अशा स्तंभाचे प्रथम अक्षरांत व नंतर संख्येत रूपांतर करावे. ४.०.० ही आवृत्ती एप्रिल २०२० मध्ये निघण्यापूर्वी फाइल वाचताना अक्षरांचे स्तंभ आपोआप 'फॅक्टर' होत असत. आता ते तसे होत नाहीत. जुन्या पुस्तकातील आज्ञा जशाच्या तशा चालविताना हा बदल ध्यानात ठेवावा.

(आ) शून्य आणि आकडा नसणे

समजा, चौथ्या गटातील वाण २ चा वाफा गुरांनी खाल्ला. तेथील १३ किलोचा आकडा मिळालाच नाही. रकाना रिकामा ठेवला तर 'आर' तेथे 'एनए' असे लिहिते, म्हणजे 'माहिती नाही'. पुढे 'मीन' या आज्ञेने सरासरी मागितली की उत्तरही 'एनए' येते. नवशिक्यास वाटते काहीतरी बिघडले, आणि तो रिकाम्या रकान्यात शून्य भरून मोकळा होतो. लगेच सरासरी मिळते, पण ती ३५ भागिले ४, म्हणजे ८.७५ किलो. खरी सरासरी ३५ भागिले ३, म्हणजे ११.६७ किलो आहे. पहिल्या दोहोंत असलेला वाण एका शून्यामुळे ९ किलोच्या वाण ४ च्याही खाली जातो.

सरासरीच्या आज्ञेत 'एनए डॉट आरएम' या शब्दापुढे बरोबरचे चिन्ह देऊन 'ट्रू' असे लिहिल्यास उरलेल्या तीन वाफ्यांची सरासरी मिळते. 'एओव्ही' ही आज्ञा असा वाफा आपोआप वगळते, आणि त्या स्थितीत उरलेल्या चुकीचे 'डीएफ' ९ ऐवजी ८ दिसले पाहिजे. वाफा गेलेला असताना आज्ञेत प्रथम गट व नंतर वाण हा क्रम ठेवावा, कारण अशा वेळी क्रमाने उत्तर बदलते.

शून्य मात्र नेहमीच चुकीचे असते असे नव्हे. वाफा गुरांनी खाल्ला किंवा पोते फुटून धान्य सांडले, तर आकडा 'नाही'. पण करपा पडून तो वाण त्या वाफ्यात पार बसला व दाणाच भरला नाही, तर त्याचे उत्पन्न खरोखर शून्य आहे आणि ते शून्यच लिहिले पाहिजे. तो रकाना रिकामा ठेवणे म्हणजे वाणाचा दोष झाकणे होय. हा भेद संगणक करू शकत नाही. तो शेतात उभ्या असलेल्या माणसालाच ठाऊक असतो. म्हणून नोंदवहीत प्रत्येक रिकाम्या किंवा शून्य आकड्यासमोर कारण लिहून ठेवावे.

(इ) अंकांत मिसळलेली अक्षरे

मराठी कळफलकाने '१२' असे नागरी अंक भरल्यास 'आर' त्यास संख्या न समजता अक्षरे समजते. 'उत्पन्न' या स्तंभात एकच अंक नागरीत असला तरी सगळा स्तंभ अक्षरांचा होतो. '१२ किलो' असे परिमाण लिहिणे, हजाराच्या आकड्यात स्वल्पविराम घालणे, किंवा आकडा नसल्याची खूण म्हणून आडवी रेघ मारणे, यांचाही परिणाम तोच होतो. असा स्तंभ बळेच संख्येत बदलला तर न समजणाऱ्या प्रत्येक आकड्याच्या जागी 'एनए' येते व केवळ एक 'वॉर्निंग' छापली जाते. ती वाचली नाही, तर कितीतरी वाफे नकळत गळून पडतात. उपाय हाच की फाइलमध्ये अंक इंग्रजी असावेत, परिमाण स्तंभाच्या नावात लिहावे, आणि रकान्यात अंकांव्यतिरिक्त काहीही नसावे.

वाफ्यांचे क्रमांक '३-४' असे लिहिल्यास एक्सेल त्यांची तारीख करून टाकते. अशा क्रमांकांतही रेघेऐवजी अक्षर वापरावे.

(ई) एकाच वाणाची दोन नावे

वाणाचे नाव पूर्ण लिहिताना एका ठिकाणी ऱ्हस्व, दुसऱ्या ठिकाणी दीर्घ असे होते. कधी नावाच्या शेवटी एक मोकळी जागा राहते. माणसाच्या डोळ्यास ती दिसत नाही, पण संगणकास तो निराळा वाण वाटतो. चारांचे पाच वाण होतात. 'टेबल' या आज्ञेने प्रत्येक नाव किती वेळा आले ते मोजून पाहावे. नमुन्याच्या प्रात्यक्षिकात प्रत्येक वाण चार वेळा आलाच पाहिजे. एखादा तीन वेळा व त्यासारखाच दुसरा एकदा आला असेल तर चूक तेथेच आहे.

(उ) कंस विसरणे

वाफ्याचे उत्पन्न हेक्टरी करताना किलोला १०,००० ने गुणून वाफ्याच्या क्षेत्राने भागावयाचे असते. ४० चौरस मीटरच्या वाफ्यासाठी गुणक २५० येतो, म्हणजे ८ किलोचे हेक्टरी २० क्विंटल. परंतु आज्ञेत १०००० / ८ * ५ असे कंसाविना लिहिल्यास संगणक आधी ८ ने भागतो व नंतर ५ ने गुणतो. गुणक ६,२५० होतो आणि ८ किलोचे हेक्टरी ५०० क्विंटल भात होते. बरोबर आज्ञा १०००० / (८ * ५) अशी आहे.

(ऊ) एक बरोबर आणि दोन बरोबर

'आर'मध्ये तुलना करण्यासाठी == असे दुहेरी चिन्ह लागते. केवळ वाण २ च्या ओळी वेगळ्या काढण्यासाठी 'सबसेट' या आज्ञेत एकच = लिहिले तर 'एरर' येत नाही. फार तर एखादी सूचना छापून संगणक सर्वच्या सर्व १६ ओळी परत देतो. मग 'वाण २ ची सरासरी' म्हणून मिळते ती चारही वाणांची एकत्रित सरासरी, १०.२५ किलो. ओळी वेगळ्या काढल्यावर त्या किती आल्या हे मोजण्याची सवय ठेवावी. येथे चारच यावयास हव्यात.

(ए) 'ई' अक्षर असलेला आकडा

शक्यतेचा आकडा फार लहान असला म्हणजे 'आर' तो ३ई-०५ अशा रीतीने छापते. याचा अर्थ ०.००००३ असा आहे. 'ई' पुढील भाग न पाहिल्याने काही जण हा आकडा ३ समजतात आणि ठळक फरक असताना फरक नाही असे लिहितात. शक्यता एकपेक्षा अधिक कधीच असू शकत नाही, एवढे ध्यानात असले तरी ही चूक टळते.

पृथक्करणापूर्वीची तपासणी

वरील चुका शोधण्यास पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. कोणतेही पृथक्करण करण्यापूर्वी पुढील क्रम पाळावा.

१. ओळी मोजाव्यात. 'एनरो' ही आज्ञा वाफ्यांइतकी संख्या दाखविते की नाही ते पाहावे.
२. 'एसटीआर' ही आज्ञा देऊन प्रत्येक स्तंभाचा प्रकार पाहावा. उत्पन्नापुढे 'नम' किंवा 'इन्ट' असले पाहिजे. गट व वाण यांपुढे 'सीएचआर' किंवा 'फॅक्टर' असले पाहिजे.
३. 'समरी' या आज्ञेने उत्पन्नाचा सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडा पाहावा. १२ च्या जागी १२० पडले असल्यास ते येथेच उघडकीस येते. 'एनए' किती आहेत तेही येथेच समजते.
४. 'टेबल' या आज्ञेने प्रत्येक गटात प्रत्येक वाण एकदाच आहे याची खात्री करावी.
५. कोष्टक आल्यावर प्रथम 'डीएफ' पाहावे, नंतर 'एफ' पाहावे.
६. एका वाणाची सरासरी कागदावर काढून संगणकाच्या उत्तराशी ताडून पाहावी.

सर्व आज्ञा एका फाइलमध्ये क्रमाने लिहून ठेवाव्यात. एकेक आज्ञा देऊन विसरून जाऊ नये. चूक सापडल्यास ती फाइल दुरुस्त करून सर्व काम पुन्हा आरंभापासून चालविता येते, आणि दुसऱ्या कार्यकर्त्यासही ते पडताळता येते. मूळ आकड्यांची फाइल मात्र कधीही बदलू नये. दुरुस्ती तिच्या प्रतीत करावी.

मदत कशी मागावी

'माझे चालत नाही' एवढेच कळविल्याने कोणीही साहाय्य करू शकत नाही. आलेला संदेश शब्दशः, तो ज्या आज्ञेवर आला ती आज्ञा, तक्त्यातील पहिल्या पाचसहा ओळी आणि 'आर'ची आवृत्ती, एवढ्या चार गोष्टी पाठवाव्यात. अनेकदा या गोष्टी गोळा करीत असतानाच चूक आपली आपणास सापडते.

शेतकऱ्यांचा वाटा

पृथक्करण कार्यकर्त्याने करावयाचे असले तरी ते पडताळण्याचा अधिकार ज्याच्या शेतात प्रात्यक्षिक झाले त्या शेतकऱ्यास आहे, आणि त्याची पडताळणी पुष्कळदा अधिक भरवशाची असते. हेक्टरी ५०० क्विंटल भात कोणी पाहिलेले नाही हे त्यास संगणकावाचून कळते. चौथ्या गटातील कोणता वाफा गुरांनी खाल्ला होता हेही त्याला आठवते. म्हणून आकडे तालुक्यास पाठविण्यापूर्वी भरलेला तक्ता छापून गटाच्या बैठकीत एकदा वाचून दाखवावा आणि 'यात काही वावगे दिसते काय' असे विचारावे.

निष्कर्षही समजेल अशा शब्दांत सांगावा. नमुन्याच्या प्रात्यक्षिकात क्रांतिक फरक वाफ्यास ०.९२ किलो, म्हणजे हेक्टरी सुमारे २.३ क्विंटल येतो. चार वाणांचे हेक्टरी उत्पन्न अनुक्रमे २०, ३०, ३० व २२.५ क्विंटल आहे. यावरून असे सांगता येते की वाण २ व ३ सारखेच असून ते इतर दोहोंपेक्षा निश्चित सरस आहेत. वाण ४ हा वाण १ पेक्षा थोडा, पण खात्रीने अधिक देतो. वाण २ व ३ यांपैकी कोणता घ्यावा हे उत्पन्नावरून ठरत नाही. ते पेंढा, पक्व होण्याचा काळ व बाजारातील मागणी पाहून शेतकऱ्याने ठरवावे.

'आर' शिकणाऱ्या कार्यकर्त्याने प्रथम वरील १६ आकडे स्वतः संगणकात भरावेत. वाणांचे 'डीएफ' ३ व 'एफ' मूल्य ५१ येईपर्यंत प्रयत्न सोडू नये. त्यानंतर मुद्दाम एक शून्य घालून, एक अंक नागरीत लिहून व क्रमांकापुढील अक्षर काढून कोष्टकात काय बदल होतो ते पाहावे. असा सराव एकदा झाला म्हणजे खऱ्या प्रात्यक्षिकाच्या आकड्यांत तीच चूक आली असता ती नजरेतून सुटणार नाही.